मोहरीचं घड्याळ

मोहरीला मोहरी हे नाव ठेवलं तेव्हा ती माझ्या ओंजळीत मावत होती. रंग काळपट तपकिरी, आकार नगण्य आणि जरा तापलं की तडतडणार. हॉस्पिटलच्या कँटीनमागे रिकाम्या क्रेट्सच्या आडोशाला ती एकटीच कुडकुडत बसलेली सापडली आणि मी तिला पर्समध्ये घालून घरी आणलं. कायम पर्समध्येच ठेवता आली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. तिथे मला स्वतःच्या बांगड्या नेता येत नाहीत, कुत्री कुठून नेणार?

म्हणजे मोहरी घरी एकटी. नाशिकला गंगापूर रोडवर माझा छोटा फ्लॅट आहे आणि घटस्फोटानंतर त्यात मी आणि ती, तिसरं कुणी नाही. एखादं ऑपरेशन दुपारी संपेल म्हणावं तर संध्याकाळ होते. पोट उघडल्यावर आत काय निघेल हे आधी कुणी सांगावं? मी कधी परत येणार हे मलाच माहीत नसायचं, तर मोहरीला मी काय सांगणार होते!

माझ्या बरोबर खाली बागूलकाका राहतात. सोसायटीचे चेअरमन. आडनावापुढे 'बुवा' जोडण्याचं काम सोसायटीतल्या पोरांनी कधीच उरकून टाकलं आहे, पण माणूस भीतिदायक अजिबात नाही. एवढंच, की काकूंना अर्धशिशीचा त्रास. त्या अंधार करून पडलेल्या असताना वर मोहरी तडतडायला लागली की काकांचा तोल जायचा.

"केतकी, ते कुत्रं नाही, भोंगा आहे भोंगा," एकदा त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "एवढ्याशा जिवात एवढा आवाज ठेवलाय कुठे, ते तरी सांग."

"काका, मी सगळं करून बघितलं. रेडिओ लावला, खेळणी आणली, माझी जुनी ओढणी दिली…"

"ते मला माहीत आहे गं. पण मीटिंगमध्ये ठरलंय. गणपती बसेपर्यंत आवाज बंद झाला नाही तर कुत्रं दुसरीकडे हलवायचं. मलाही हे सांगायला आवडत नाही."

दुसरीकडे म्हणजे निफाडला, माझ्या भावाच्या मळ्यावर. तिथे राखणीचे दोन दांडगे कुत्रे आहेत आणि मोहरी त्यांच्या न्याहारीलाही पुरली नसती. मी हो म्हणून वर आले. मोहरीने आधी उड्या मारल्या, मग स्वतःभोवती गिरक्या घेतल्या, मग आनंदाच्या भरात माझ्या पायावर थोडीशी शू केली. हा आमचा रोजचा सोहळा होता. ही गेली तर या घरात मी पाय कशाला ठेवायचा, असं मला त्या दिवशी वाटलं.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. मी बाहेर पडले की मोहरी भुंकत नसे. सकाळ शांत जायची. दुपार कलली की मग एकदम सुरू.

त्याच सुमारास आर्वी खैरनार आमच्याकडे अपेंडिक्स काढायला आली. भूल द्यायच्या आधी पेशंट देवाचं नाव घेतात, नाहीतर डॉक्टरांचा अनुभव विचारतात. या मुलीने मला विचारलं, "सिस्टर, तुमच्या बाहीवर कुत्र्याचे केस आहेत. कुत्रं घरी एकटं असतं का?" त्र्यंबक रोडवरच्या एका प्रयोगशाळेत ती प्राण्यांच्या घ्राणेंद्रियावर संशोधन करत होती आणि एकट्या राहणाऱ्या कुत्र्यांच्या शोधात होती. टाके निघाले त्याच आठवड्यात ती माझ्या दारात हजर झाली. हातात एक पांढरं खोकं, एक नाजूक पट्टा आणि एक जाडजूड चष्मा.

"याचं नाव सुगावा," खोकं भिंतीवर चढवत ती म्हणाली. "ताई, आपण घराबाहेर पडलो तरी आपला वास घरात राहतो. पण तो एकच एक वास नसतो. कातडीवरून, घामातून, श्वासातून शेकडो प्रकारचे रेणू बाहेर पडतात. हलके रेणू लगेच उडून जातात. जड रेणू गादीला, पडद्याला धरून बसतात. सकाळी चहाला आलं टाकलं की त्याचा वास घरभर होतो आणि लगेच विरतो. पण दूध उतू जाऊन करपलं असेल तर तो वास दुपारपर्यंत हलत नाही. बरोबर? म्हणजे हवेत आलं किती उरलंय आणि करपट किती, हे नेमकं कळलं तर चहा कधी झाला ते सांगता येईल."

"मला नाही येणार."

"मलाही नाही. मोहरीला येतं. तुमच्या वासातलं हलकं किती गेलं आणि जड किती राहिलं, यावरून तुम्हाला जाऊन किती वेळ झाला ते तिला कळतं. असं असावं, अशी शंका शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून होती. आता मोजता येतं." तिने पट्टा मोहरीच्या गळ्यात अडकवला. त्याच्या दोन मऊ पट्ट्या कानांमागे टेकत होत्या. "मेंदूतल्या वासाच्या आणि भीतीच्या केंद्रांत जे बारीक विद्युतप्रवाह उठतात ते हा पट्टा टिपतो. नाक किती वेळा हुंगतंय तेही टिपतो. हवेत काय आहे ते खोकं सांगणार, आणि तिला काय जाणवतंय ते पट्टा. तुम्ही तिचं घड्याळ आहात, ताई."

मी हसले. हे संशोधक लोक जरा जास्तच बोलतात असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी तिने मला आदल्या दिवसाची नोंद दाखवली. मी सोफ्यावर बसले होते, मोहरी माझ्या पावलावर हनुवटी ठेवून झोपली होती. मी चष्मा चढवला आणि सोफ्याची कड घट्ट धरली.

घर माझ्याने भरलेलं होतं. आर्वीने माझ्या वासाला केशरी रंग दिला होता. ओट्यापाशी, जिथे उभी राहून मी डबा भरला होता, तिथे दाट केशरी ढीग होता. तिथून न्हाणीघरापर्यंत एक केशरी वाट गेली होती. आरशासमोर बरोबर माझ्या उंचीचं काहीतरी उभं होतं. दारापाशी तर सगळ्यात दाट, कारण किल्ली शोधत मी रोज तिथे बराच वेळ घालवते. मी घरातून गेलेली होते आणि तरी जागोजागी उभी होते.

"आता दिवस पुढे सरकवते," आर्वी म्हणाली.

केशरी रंग पातळ व्हायला लागला. मोहरी त्यात एक छोटा निळा ठिपका होती. आधी ती सोफ्यावर बसली. सोफ्यावरची मी विरले तेव्हा ती उठून पलंगावर गेली, कारण गादीत मी अजून बरीच होते. गादी फिकी पडली तशी ती न्हाणीघरातल्या टॉवेलखाली जाऊन बसली. मला वाटायचं, बिचारी कंटाळून घरभर भटकत असेल. ती भटकत नव्हती. ज्या वेळी मी जिथे जास्तीत जास्त उरलेली असेन, तिथे ती जात होती. शेवटी चपलांच्या स्टँडपाशी आली. माझ्या घरातल्या सपातांवर नखाएवढा केशरी डाग होता. ती त्याला नाक लावून बसली. बघता बघता तोही राखाडी झाला. मग ती उभी राहिली आणि तिने तोंड वर केलं. नोंदीत आवाज नव्हता, पण मला तो ऐकू आला.

"ती रागाने भुंकत नाही," आर्वी हळूच म्हणाली. "तिच्या लेखी तुम्ही संपलात."

मी चष्मा काढला. मोहरी पावलावर तशीच झोपलेली होती, माझ्या अंगठ्यावर तिचा गरम श्वास लागत होता. भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. मला इतक्या बारकाईने आजवर कुणी पाहिलं नव्हतं. लग्न टिकून होतं तेव्हाही नाही.

उपाय सोपा असेल असं आर्वीला वाटलं. वास कमी व्हायला लागला की दर अर्ध्या तासाने खोक्यातून माझा आवाज ऐकवायचा. मी अगदी जीव ओतून रेकॉर्ड केलं, "मोहरी, येते हं. येते लगेच. शहाण्यासारखी राहा बाळा." मी येतेय हे तिला कळलं की झालं, नाही का?

दुसऱ्याच दिवशी बागूलकाका तणतणत वर आले. "अगं, आधी निदान सकाळी तरी शांत असायची! आता सकाळपासून चालू! यंत्र कुत्र्याला शांत करायला बसवलंस की चावी द्यायला?"

आर्वीने नोंदी पाहिल्या आणि डोकं धरलं. माझा आवाज आला की मोहरीच्या मेंदूत भीतीची उसळी. पुन्हा आवाज, पुन्हा उसळी. तिने स्पीकर बदलला. आपल्याला ऐकू न येणारी एखादी शिट्टी त्यातून निघत असेल म्हणून तपासलं. मग मीच तिला कधी रागावले असेन का, असंही विचारून झालं. संध्याकाळ झाली तशी ती हताश होऊन उठली, मोहरीला मांडीवरून खाली ठेवलं आणि दाराशी जाऊन म्हणाली, "बरं ताई, येते मी."

मोहरी ताडकन उठली. दाराकडे धावली आणि आर्वीच्या सलवारीला तोंडात धरून थरथरायला लागली.

आर्वी एका पायात सँडल घालून तशीच उभी राहिली. "ताई, तुम्ही रेकॉर्ड काय केलंय?"

"सांगितलं ना. येते हं…"

आर्वीच्या हातातली दुसरी सँडल खाली पडली.

"अहो, आपण 'जाते' म्हणतच नाही!" आर्वी किंचाळलीच.

नाहीच म्हणत. लहानपणी मी एकदा शाळेला निघताना 'जाते' म्हटलं तेव्हा आईने तोंडावर हलकी चापट मारली होती. जाते काय म्हणतेस, येते म्हण. तेव्हापासून मी जन्मभर 'येते' म्हणून जात आले. मोहरीने हा शब्द ऐकला तो नेहमी दार बंद व्हायच्या आधी. तिच्या मराठीत 'येते' म्हणजे 'ही निघाली'. आणि ते खोकं दर अर्ध्या तासाने, माझ्याच आवाजात, घर सोडून जात होतं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग मी मोहरीला उचललं आणि मला रडूच आलं. दिवसभरात किती वेळा गेले होते मी तिला टाकून!

"शब्द नकोत," डोळे पुसत आर्वी म्हणाली. "थेट वासच वापरू."

सुगावाच्या पोटात बारीक नळकांडी होती. माझ्या वासातले जे हलके रेणू आधी उडून जातात, तेवढेच त्यात बनवून भरता येत होते. हवेतले कमी झाले की खोकं तेवढेच पुन्हा सोडायचं, ना जास्त ना कमी. वासाचं प्रमाण मी दार ओढून घेतल्यावर जे असतं तिथेच थांबून राहायचं. घड्याळाचा काटा बोटाने धरून ठेवावा तसं.

पहिल्या दिवशी मी थिएटरमधून बाहेर आल्या आल्या काकांना फोन केला. "कशी आहे?"

"कोण?"

"मोहरी हो!"

"घरी आहे का ती? मला वाटलं, तू घेऊन गेलीस."

मोहरी भुंकलीच नव्हती. त्या दिवशी नाही, त्यानंतर नाही. काकूंनी नारळाच्या वड्या पाठवल्या. काका म्हणाले, मीटिंगमधला तो विषय आता काढून टाकतो. मला तर हवेत तरंगल्यासारखं झालं. एरवी मी ड्यूटी संपली की चालक नसलेल्या रिक्षात बसून तिच्याशीच भांडायचे, जरा दामट की बाई, घरी लेकरू आहे. आता मी निवांत झाले. ज्यांची मुलं आजारी असतील त्यांच्या ड्यूट्या करायला लागले. कधीचा मनात असलेला गाण्याचा वर्ग लावला. मैत्रिणींबरोबर गोदाकाठी भेळ खात बसले, आणि घड्याळ बघितलं नाही. एक काळजी डोक्यावरून उतरली की माणूस किती मोकळं होतं, हे मी विसरूनच गेले होते.

एकदा सलग दोन ड्यूट्या करून घरी आले. दार उघडलं. मोहरी सोफ्यावर होती. तिने डोकं वर केलं, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि डोकं पुन्हा खाली ठेवलं.

उडी नाही. गिरकी नाही. पाय कोरडा. काय विसरलीस, असंच जणू ती विचारत होती.

मी तिथेच पायपुसण्यावर बसून आर्वीला फोन लावला. "ती आजारी आहे. नाहीतर तुझं यंत्र तरी बिघडलंय."

"काहीच बिघडलेलं नाही, ताई," आर्वी म्हणाली. "तुम्ही आत्ताच तर गेला होतात. किल्ली विसरली म्हणून लगेच परत आलेल्या माणसाचं स्वागत कोण करतं?"

"अगं, पण तिला भूक लागते, दिवस मावळलेला दिसतो…"

"लागते ना. पोटाचं घड्याळ वेगळं. फक्त तुमची वाट पाहायची वेळच तिच्यावर येत नाही."

"हे असं किती दिवस चालेल?"

"नळकांडी भरत राहिलो तर कितीही."

"आणि मी मेले तर?"

ही मुलगी भूल चढेपर्यंत बोलत होती, पण आता आर्वी एवढंच म्हणाली, "रविवारी माझ्याबरोबर पंचवटीत या."

पंचवटीतल्या त्या घरात विजयाताई नावाच्या बाई राहत होत्या. त्यांचे यजमान, अप्पा, गेल्या हिवाळ्यात वारले. ते हॉस्पिटलमध्ये असताना कुत्र्याचे हाल होऊ नयेत म्हणून मुलीने सुगावा बसवून घेतला होता. अप्पा घरी आले नाहीत. खोकं चालूच राहिलं.

बंड्या दाराकडे तोंड करून चटईवर बसला होता. पांढरा, गुटगुटीत, डोळे शांत. आम्हाला पाहून त्याने शेपूट जरा हलवलं आणि पुन्हा दाराकडे पाहायला लागला.

"ठणठणीत आहे," विजयाताई म्हणाल्या. "खातो, फिरून येतो, आणि इथे बसतो. त्याच्या मते हे आत्ताच खाली गेलेत, पेपर आणायला." त्यांनी चहा आणून ठेवला. "सुरुवातीला मला बरं वाटायचं. म्हटलं, घरातल्या एकाला तरी दुःख नको. आता कधी कधी त्याचा राग येतो बघा. रडायला आम्ही दोघं होतो, आणि मी एकटीच रडते."

"मग बंद का नाही करत?" मी विचारलं.

"हात होत नाही हो. बंद केलं की हे आज जाणार."

मी बंड्याशेजारी चटईवर बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवला. गरम पाठ, संथ श्वास. त्या खोलीत एक माणूस अजून जिना उतरत होता. गेल्या हिवाळ्यापासून उतरत होता, आणि बंड्या म्हातारा होऊन मरेपर्यंत उतरतच राहणार होता. एवढी मोठी गोष्ट भिंतीवरच्या त्या खोक्यात आहे, याने मी सुन्न झाले. माझ्या थिएटरमध्ये भूल देणारा डॉक्टर टेबलाजवळून हलत नाही, कारण दिलेली भूल उतरवायचीही असते. इथे ती उतरवायचा विचार कुणी केलाच नव्हता. माझ्या घरी तरी कुठे केला होता?

परतताना रिक्षात मी आर्वीला म्हटलं, "मला ते बंद करायचंय."

"ताई, गणपती तोंडावर आलेत. ती भुंकायला लागली तर निफाडला…"

"माहीत आहे मला. पण तिचा दिवस मी खाल्लाय गं. तिला दिवसच राहिला नाही." मग रिक्षा गंगापूर रोडला लागली तेव्हा म्हटलं, "वास संपू दे. मी संपले की सगळं संपलं असं तिला वाटतं ना? मग मी संपायच्या आत दारात उभी राहीन. नंतर संपता संपता येईन. नंतर संपल्यावर जराशाने. शून्याच्या पुढेही मी असते, हे तिला कळायला हवं. तुझं खोकं नुसतं बघायला ठेव. सोडायचं काही नाही."

आर्वीने त्याच दिवशी नळकांडी काढून पिशवीत घातली.

मी रजा टाकली. पण घराबाहेर बसायचं कुठे? जवळ हवं, आणि दिसायला नको. मी बागूलकाकांची बेल वाजवली.

"म्हणजे कुत्रं वर बोंबलणार," सगळं ऐकून काका म्हणाले, "आणि तू खाली माझ्याकडे बसून चहा पिणार? वा!"

"थोडे दिवस काका. नाही जमलं तर मीच तिला निफाडला सोडून येईन. शब्द देते."

आतल्या खोलीतून, डोक्याला ओढणी बांधलेल्या काकूंचा आवाज आला, "बसू द्या तिला. सोबत होईल मला. तुम्ही नाहीतरी दिवसभर मोबाइलशीच बोलता."

काका कुरकुरत बाजूला झाले. पहिले काही दिवस वाईट गेले. मोहरी भुंकायची, मी जिना चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. काकूंचं डोकं दुखायचं आणि तरी त्या मला पोहे खायला घालायच्या. काका मात्र बदलले. आर्वीने माझ्या फोनवर आणून दिलेला तो केशरी नकाशा त्यांना आधी फालतू वाटला, मग त्यांना त्याचं वेडच लागलं. पेपर बाजूला ठेवून ते माझ्या फोनमध्ये डोकं खुपसून बसत.

"केतकी, पलंगावरून संपलीस तू! टॉवेलवर थोडी उरली आहेस. ऊठ, ऊठ!"

"काका, अजून सपाता आहेत."

"सपातांचं काही खरं नाही गं. काल तिथून लवकर गेली होतीस."

मग म्हणायचे, "आमच्या घरात मी किती उरत असेन गं, बाहेर गेल्यावर?" काकू आतून म्हणायच्या, "भरपूर." मी संपल्यावर वर पोचायला हळूहळू उशीर करत गेले. दार उघडलं की उड्या परत आल्या होत्या. गिरकीही आली. पायपुसणं रोज धुवायला लागायचं, आणि मी ते आनंदाने धुवायचे.

रजा संपली आणि मी कामावर रुजू झाले. दुसऱ्या दिवशी गणपती बसणार होते. हॉस्पिटलच्या खिडकीतून मंडपाचं ठोकाठोकीचं काम ऐकू येत होतं. दुपारी सुटून वेळेत घरी पोचता येईल असा माझा हिशेब होता. तेवढ्यात घोटीजवळच्या अपघातातला पेशंट आला आणि सगळे थांबा म्हणून निरोप आला.

मी थिएटरबाहेरच्या व्हरांड्यात फोन काढला. घर जवळजवळ राखाडी झालं होतं. सपातांवर एक ठिपका होता. निळी मोहरी त्याला नाक लावून बसली होती. काकांचा फोन आला. आता त्यांच्याही मोबाइलवर तोच नकाशा होता.

ठिपका गेला.

"संपलीस गं," काका म्हणाले.

मोहरी उभी राहिली. आम्ही वाट पाहत राहिलो. आजवर संपल्यावर मी कायम जवळ असायचे, जिन्यात, दाराशी. आज मी शहराच्या दुसऱ्या टोकाला होते आणि मला हलता येणार नव्हतं. संध्याकाळपर्यंतही नाही, कदाचित रात्रीपर्यंतही नाही. मोहरीने तोंड वर केलं. आता सुरू होणार. मी डोळे मिटून घेतले. मनातल्या मनात निफाडचा रस्ता दिसायला लागला.

काकांच्या फोनमधून भुंकणं ऐकू आलं नाही. मग मध्येच आर्वीचा फोन घुसला, मी तोही त्याच कॉलमध्ये जोडून घेतला.

"ताई, नकाशा बघू नका. पट्टा बघा. पट्ट्याची नोंद उघडा."

मी उघडली. मोहरीच्या मेंदूतलं वासाचं केंद्र केशरी झालं होतं. फिकं नाही. सकाळी मी दारात किल्ली शोधत असते तेव्हासारखं, भरगच्च केशरी.

"खोकं चालू केलंस का तू?" मी जवळजवळ ओरडले.

"खोकं रिकामं आहे. नळकांडी माझ्या समोर टेबलावर पडलीत. घरात तुमचा वास नाही, निदान सुगावाला सापडेल इतका तरी नाही. आणि ताई, ती हुंगत नाहीये. नाक बघा, नाक स्थिर आहे."

"मग हे काय आहे?"

"ती आठवतेय तुम्हाला." आर्वी रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. "बाहेरून काही येत नाहीये. ती स्वतःच तुम्हाला तयार करतेय. हे असं अजून कुणी बघितलेलं नाही, ताई. माझ्या माहितीत तरी कुणीच नाही."

मी व्हरांड्याच्या भिंतीला टेकले. त्या केशरी रंगात मधूनच लाट यायची, जरा ओसरायची, पुन्हा भरायची. आठवणं असं दिसतं तर. इतके दिवस मी तिच्यासाठी घरात काय काय ठेवून जात होते, ओढण्या, रेडिओ, आवाज, रेणू. ज्या दिवशी मी काहीच ठेवलं नाही, त्या दिवशी तिने मला स्वतःच बनवलं. मेंदू तो केवढा, माझ्या मुठीत मावेल एवढा. मी थिएटरमध्ये उघडी हृदयं पाहिली आहेत, धडधडताना पाहिली आहेत. पण पाहताना हात जोडावेसे वाटले ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि समोर होता फोनचा पडदा.

मोहरी चपलांच्या स्टँडपासून वळली. सोफ्यावर गेली नाही, गादीवर गेली नाही. हॉलच्या मधोमध, जिथे माझा वास कधीच फारसा नसतो अशा कोऱ्या फरशीवर तिने अंगाचं मुटकुळं केलं आणि झोपली.

"काकू विचारतेय," बागूलकाका खाकरून म्हणाले, "आवाज नाही, पोरीला काही झालं तर नाही ना? मी म्हटलं, झोपलीय. तू आता तुझं काम कर. आम्ही आहोत."

"सिस्टर, पेशंट आत घेतलाय!" आतून हाक आली.

मी फोन लॉकरमध्ये ठेवला आणि हात धुवायला उभी राहिले. नखांपासून कोपरापर्यंत, घासून घासून, रोजच्यासारखे. औषधी साबणाखाली माझा म्हणून काही वास हातांना उरला नाही. शेजारच्या नळावर सर्जन हात धूत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर, रडताय का?"

"नाही सर, मास्क घट्ट झालाय," मी म्हटलं आणि कोपराने दार ढकलून आत गेले. तिकडे, माझा मागमूसही न उरलेल्या घरात, एक एवढीशी कुत्री मला धरून झोपली होती.